डावीकडचा जिना

ग्रंथालयाची ती इमारत सरांनी आर्किटेक्चरच्या वर्गाला अठरा वर्षं एकाच जुन्या स्लाइडवरून शिकवली होती. बसने चार तास हाडं खिळखिळी करून घेत मुलांना ती दाखवायला मात्र ते आज पहिल्यांदाच आले होते. "आत शिरलं की डाव्या हाताला जिना. परीक्षेत हा जिना चुकवलात, तर माझ्याकडे पास व्हायचं विसरा," असं बजावत ते तरातरा डावीकडे वळले आणि कोऱ्या भिंतीपुढे थबकले. जिना उजवीकडे होता.

मागे खसखस पिकली. सर फरशी पुसणाऱ्या बाईंवरच उखडले, "हा जिना कधी हलवला?"

"जिना कसा हलेल, साहेब? वीस वर्षं मी तो इथेच पुसतेय."

"सर, आपली स्लाइडच उलटी लागत असणार," एक विद्यार्थिनी चाचरत म्हणाली.

"बरं, बरं! डावं-उजवं झालं म्हणून कुणाचं काय बिघडलं?" सर वैतागून खेकसले.

बाईंनी फडकं बादलीत पिळलं.



"साहेब, माझी मुलगी तुमच्याच वर्गात होती. दोनदा बसली परीक्षेला, आणि दोन्ही वेळा जिना उजवीकडेच काढून आली."