पांढरी रेघ

गाडीवाल्याने इंजिन सुरू केलं, तेव्हा वस्ताद शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलेसुद्धा होते.

या गॅरेजचा नियमच होता तो. शेवटचा बोल्ट ज्याने आवळला, त्याने चाचणीच्या फेरीत शेजारी बसायचं. नियम वस्तादांचा, आणि सुनेला कामावर घेतलं तेव्हा तिलाही त्यांनी त्यातून सूट दिली नव्हती.

"वळणावर दाबू ना?" गाडीवाल्याने विचारलं. गाडी मोठी, रुंद, पळण्यासाठीच बनवलेली. पण वळणावर झोकांड्या खाते अशी त्याची तक्रार. म्हणून पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या आर्मच्या सांध्यांतले मऊ बुश काढून कडक रबराचे बसवले होते. डावी बाजू वस्तादांनी, उजवी सुनेने.

"दाब. ब्रेकही कचकन मार," वस्ताद म्हणाले. "गाडी हलली तर मिशी उतरवीन."

गाडीवाला हसला. खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावरून गाडी पुढे काढून त्याने स्टिअरिंग पार उजवीकडे फिरवलं. डावं चाक तिरकं झालं आणि त्याच्यामागची फट उघडली. बाजूला उभ्या असलेल्या सुनेला आतला बोल्ट दिसला. नटवरची पांढरी रेघ मधोमध तुटली होती.

ती वाकून जवळून पाहू लागली.

रेघ म्हणजे सही. बोल्ट पुरता आवळला की नटवरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढायची. वस्तादांची पांढरी, तिची पिवळी. नट फिरला तर रेघ तुटते. पण गाडी अजून दाराबाहेरही पडली नव्हती. नट फिरला कधी?

उत्तर एकच होतं. गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आर्म खाली लोंबतात, म्हणून तेव्हा बोल्ट नुसते लावून ठेवायचे. गाडी खाली उतरली, वजन चाकांवर आलं, आर्म आपल्या जागी बसले, की मग खड्ड्यात उतरून शेवटचा पीळ द्यायचा. ही रेघ गाडी वर असतानाच ओढलेली होती. साध्या पान्याने, हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट. तो अंदाज पूर्वी कधी चुकला नसेल. आज मात्र गाडी खाली येताना वर सरकणाऱ्या आर्मने बोल्टासकट नटाला आपल्याबरोबर फिरवलं होतं.

म्हणजे वस्ताद खड्ड्यात उतरलेच नव्हते. "तू आत जाऊन फोन घे, माझी बाजू मी बघतो," म्हणाले होते. हल्ली घरीही ते जिन्यात मध्येच कठड्याला धरून थांबायचे, आणि कुणी पाहिलं की वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागायचे.

"बाबा, उतरा!"

तोंडातून निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. बाबा घरी. गॅरेजमध्ये वस्तादच म्हणायचं, हाही त्यांचाच नियम.

गाडी थांबली. गाडीवाल्याने काच खाली केली. "काय झालं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण हा माणूस संध्याकाळच्या आत ते गावभर करणार होता, वर मीठमसाला लावून.

"माझा एक बोल्ट राहिलाय," ती म्हणाली. "गाडी परत खड्ड्यावर घ्या."

"कमाल आहे! वस्ताद, सूनबाईंना शिकवणी लावा अजून. मी तसाच सुटलो असतो म्हणजे?"

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. मग ती जिकडे पाहत होती तिकडे पाहिलं. डावं चाक.

गाडी मागे आली. ती खड्ड्यात उतरली, टॉर्क पाना नटवर चढवला. हा पाना ठरलेला जोर आला की टक् करतो. तिने ओढला. नट फिरला. पुन्हा ओढला, पुन्हा फिरला. पान्याची करकर खड्ड्यात घुमत होती आणि टक् काही येत नव्हता. वर गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला.

टक्.

तिने मान वळवली तर शिडीवर वस्तादांचा बूट. एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर. तिने हात पुढे केला नाही. वरून गाडीवाला पाहत होता.

खाली पोचल्यावर त्यांनी तिच्या हातातून पाना घेतला, नटवर लावून ओढला. टक्. मग अंगठ्याच्या नखाने ते आपली पांढरी रेघ खरवडू लागले. रंगाचे कपटे त्यांच्या बाहीवर पडले. पत्रा साफ झाल्यावर ते बाजूला सरकले.

"ओढ तुझी."

तिने पिवळी रेघ ओढली.

"ऐक रे!" वस्तादांनी खालूनच आवाज दिला. "राहिलेला बोल्ट माझा होता. आवळलाय हिने. शेजारी ही बसेल."

गाडीवाला वरून खड्ड्यात डोकावला.

"आणि मिशी, वस्ताद?"

"ती कुठे पळतेय! तू आधी वळणावरून जाऊन ये. ब्रेक कचकन मार, सांगितलंय ना."

ती शिडीकडे वळली. वस्तादांनी मागून हलकेच तिच्या दंडाला धरलं. आवाज एवढा खाली आणला की तिलाच ऐकू यावा.

"आल्यावर मला वर घे."

ती सीटवर बसली, पट्टा लावला. गाडी पुढे सरकली तसा खड्ड्यात उजेड पडला. तिने मागे वळून पाहिलं. खड्ड्याच्या काठावर दोन तळवे टेकलेले होते, आणि त्यांच्यामध्ये पांढरे केस.