सर्वांना आवडलेली वस्तू

सूनबाई घरीच कापडी लॅम्पशेड बनवते आणि वेबसाइटवर विकते. या महिन्यातही ऑर्डर आली नाही, तर सगळं गुंडाळून पुन्हा नोकरी धरायची, असं तिने ठरवलं होतं. गिऱ्हाईक नेमकं कुठे अडतं ते कळावं म्हणून येणारा प्रत्येक सल्लागार वेबसाइटला आपला एक ट्रॅकिंग कोड चिकटवून गेला होता. आधीच्याचा कोड काढायची मात्र कुणाचीच छाती झाली नव्हती.

"मला यातलं काही कळत नाही," मी चाचरत म्हटलं, "पण हल्ली तुझं पान उघडतच नाही गं. या सगळ्या कोडांचं ओझं तर होत नसेल?"

"बाबा, तुमचा फोन म्हातारा झालाय," ती हसून म्हणाली.

आज सर्वांत नव्या सल्लागाराचा फोन आला. सूनबाईने हातातली कात्री ठेवली आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"अभिनंदन ताई! लोक तुमच्या पानावर चार-चार मिनिटं खिळून असतात, आणि सगळ्यांची बोटं एकाच वस्तूवर!"

"कोणत्या?" तिने घाईने वही-पेन ओढलं.

 

"ते मधोमध गोल गोल फिरणारं चक्र आहे ना, तेच आणखी चार रंगांत काढा!"