लेआउटातली विहीर

गेट बंद होतं.

तीज पाण्यात सोडून बोळवायला निघालेल्या बंजारा तांड्यातल्या पोरी नव्या लेआउटच्या गेटासमोर थांबल्या. डोक्यावरच्या टोपल्यांत तीज म्हणून पेरलेल्या गव्हाचे पोपटी कोंब वीतभर वाढलेले. मागं वाजणारं डफडंही थांबलं.

"शाम, उघड," हंसाबाई म्हणाली. ती तांड्याच्या नायकाची बायको. गेटवरचा राखणदार शाम तिचाच पुतण्या.

"वामनरावांनी सांगतलं, काकी. आज कोनाले सोडाचं नाही."

"आजच काहून?"

शाम गेटाच्या कडीशी चाळा करू लागला.

तांडा होता तिथंच होता. यवतमाळ शहरच लोहाऱ्यावरून पसरत इथवर आलं होतं. गेल्या तीजेला इथं गेट नव्हतं. घरं अर्धवट होती, विहीर उघडी होती. त्याआधी तर सगळं वामनरावांचं कपाशीचं वावरच; त्यांनीच प्लॉट पाडून विकले. तांड्यानं किती वर्षं त्या विहिरीत तीज सोडली, कोणी मोजलं नव्हतं.

वामनराव स्वतःच आले. पायात पांढरे बूट.

"हंसाबाई, हे आता वावर नाही राह्यलं. शहरात आलं. इथं लोकं राह्यतात."

"आन् आमी कोन आहो?"

वामनराव आवाज उतरवून म्हणाले, "नदीवर न्या यंदा. गाडी मी करून देतो."

"गाडी कायले? इहीर हे इथंच तं आहे."

"ऐका माह्यं. नका जाऊ तिकडं."

हंसाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग पोरींकडं वळून म्हणाली, "बसा गं."

पोरी टोपल्या मांडीवर घेऊन रस्त्यातच बसल्या. कामावरून सुटलेली माणसं घरी परतत होती. एक स्कूटर थांबली, मग एक कार, मग रांगच लागली. हॉर्न वाजू लागले. पोरींनी गाणं धरलं. हॉर्न वाढले तशा त्याही वरच्या पट्टीत गेल्या.

"अहो, जाऊ द्या ना त्यांना," कारमधून एकजण ओरडला. "पाच मिनिटांचं काम आहे."

शामनं वामनरावांकडं न पाहता गेट उघडलं.

विहिरीवर स्लॅब टाकला होता. स्लॅबवर लाल-पिवळी घसरगुंडी. कडेला एक लोखंडी झाकण.

"हेच उघड," हंसाबाई म्हणाली.

"शाम, राहू दे," वामनराव म्हणाले.

शामनं झाकणाच्या फटीत लोखंडी सब्बल घातली. झाकण सरकलं आणि वास वर आला. पोरींनी ओढण्या नाकाला लावल्या. एक-दोघी मागं पळाल्या. हंसाबाई मात्र पुढं झाली आणि वाकली. विहिरीच्या दगडी बांधकामाला भोकं पाडून घरांच्या संडासांचे पाइप आत सोडले होते. एकातून धार पडत होती.

ती ताठ झाली आणि वामनरावांकडं वळली.

"गटारीची लाइन नाही आली अजून," वामनराव म्हणाले. "घरं तं भरली. लोकाईनं कुठं जावं? मी नाही म्हटलं होतं. माह्यं कोन ऐकते इथं?"

"म्हनून गेट लावलं?"

वामनराव झाकणापासून मागं सरले.

"तुमच्या बापानं खंदली होती हे," हंसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दगड आमच्या तांड्यातल्या मानसाईनं वाह्यले. वेचनीच्या दिवसात तुमची माय इथं उभी राहून पानी पाजे. मलेबी पाजलं. तुमीबी हेच पिऊन मोठे झाले."

बबिता, पोरींतली सगळ्यात लहान, टोपली छातीशी धरून रडू लागली. "याडी, आता तीज कुठं न्याची?" तांड्यातल्या पोरी हंसाबाईला याडी, म्हणजे आई म्हणत.

हंसाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. घराघरांच्या बाल्कन्यांत माणसं येऊन उभी राहिली होती. कोणी नाकाला रुमाल लावला होता.

"काकी, झाकू?" शाम वाकला.

"तू बाजूले हो."

शाम मागं सरला. सब्बल त्यानं जमिनीवर ठेवून दिली.

"वामनराव," हंसाबाई म्हणाली, "झाकन तुमी लावा."

वामनरावांनी बाल्कन्यांकडं पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांनी झाकण ओढू लागले. ते जड होतं, कडेला अडकत होतं. त्यांनी पुन्हा जोर लावला. पांढऱ्या बुटांवर झाकणाला लागलेलं घाण पाणी उडालं.

कोणी पुढं झालं नाही. पोरी टोपल्या घेऊन गोल उभ्या होत्या आणि पाहत होत्या.