मोकळं घर

शनिवारचे चार वाजले तसं मैनाबाईंनी पिशवी काढली. एक लुगडं, टॉवेल, नवऱ्याच्या गोळ्यांची डबी. दोघांनी अकोटला लेकीकडे एक रात्र राहायचं आणि रविवारी दुपारी परत यायचं. पिशवी भरता भरता त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून सुनेला सांगितलं, "रागिणी, दुधात शतावरी टाकून ठेवली वं. पिऊन घेजो. आन् टेन्शन नको घेऊ."

रागिणी नुकतीच दवाखान्यातल्या कामावरून आली होती. तिथल्या विम्याच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांची खाल्लेली बोलणी अजून डोक्यात घुमत होती. गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं राहिलं होतं. टेन्शन नको घेऊ असं, ती हल्ली मिटून असते म्हणून दाखवलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नणंदेनं फोनवर सांगितलं, नवरा गोपाल तर रोजच सांगायचा. आता ते ऐकलं की तिची मान आखडायची.

जुन्या शहरातलं घर दोन खोल्यांचं, मधे प्लायवुडची भिंत. मुला-सुनेला मोकळीक मिळावी म्हणून दर शनिवारी लेकीकडे जायची ही सोय सासू-सासऱ्यांनी आपण होऊन केली होती. माणसं भली. म्हणून तर तक्रार करायचीही चोरी.

समोरच्या ओट्यावरून पंचफुलाकाकू ओरडल्या, "काय वं मैना, निंगाली का? शनिवार आला वाट्टे!" आणि खुदखुदून हसल्या. रागिणीचे कान तापले. सगळ्या गल्लीला तिचा शनिवार पाठ होता.

गोपाल आंघोळ करून, अत्तर लावून बाहेर आला. आतल्या पलंगावर त्याने धुतलेली चादरही घातली होती. तो तिच्याकडे बघून हसला, आणि तिने चादरीवरून नजर वळवली. नवरा आवडत नव्हता असं नाही, हीच तर पंचाईत होती. पाठीवरचा त्याचा हात तिला अजून हवा असायचा, पण तो हात पुढे काहीतरी मागणार म्हणून ती हल्ली आधीच झोपेचं सोंग घ्यायची.

"आई, तुमी नका जाऊ," ती एकदम म्हणाली.

"काऊन? गाडी चुकन न."

"चुकू द्या. तुमी गेल्या का मले परीक्षेले बसल्यावानी वाटते." तिचा आवाज चढला. "मले सध्या जवळ जावंसं काहीच वाटत नाही. यायच्यावर राग नाही माहा. थकून गेलो मी. आन् तुमी सारे मिळून मले कवा वाटते याची वाट पाहून राहिले."

बाहेर ओट्यावर बसलेले सासरे खुशालराव खाकरले आणि ऑटो बघायच्या निमित्ताने गल्लीच्या तोंडाशी निघून गेले. गोपालच्या हातातला कंगवा तसाच राहिला.

"मले काऊन नाही सांगतलं?" तो म्हणाला. त्याला लागलं होतं.

"सांगतलं असतं तं तुमी अजून एक डॉक्टर दाखवला असता."

गोपालने खिशातला फोन चाचपला. अमरावतीच्या एका डॉक्टरचा नंबर त्याने कालच घेऊन ठेवला होता.

मैनाबाईंना मात्र राहवलं नाही. "आमाले काय होतं वं? एका खोलीत सासू, सासरा, दोन नणदा. आमी केलाच न संसार?"

"तुमाले तवा मनातून वाटे का, आई?"

मैनाबाईंनी भरलेली पिशवी पुन्हा उघडली. तिच्यातून आपलं लुगडं काढून घेतलं आणि पिशवी गोपालच्या हातात दिली.

"आज तू जाय बापासंग अकोटले."

"मी?"

"हो, तूच. गोळ्या देजो त्याईले जेवल्यावर."

गोपालने बायकोकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. तो चपला घालून निघाला तेव्हा पंचफुलाकाकूंनी काहीतरी विचारलं, पण त्याने उत्तर दिलं नाही.

मैनाबाईंनी दाराला कडी घातली. आत येऊन त्या पलंगावर सुनेच्या शेजारी टेकल्या. बराच वेळ त्या लुगड्याची घडी मांडीवर सारखी करत राहिल्या.

"मले हे कोणी इचारलंच नव्हतं वं," त्या म्हणाल्या. "तूच पयली."