मापाचा स्वेटर

पारुलनं मुलाला हलकेच दाराच्या आत लोटलं आणि म्हणाली, "दीदी, हा खोकन. काल संध्याकाळच्या गाडीनं आला."

कालिंदीबाई स्वेटरांच्या ढिगाशी बसल्या होत्या. सकाळपासून बायकांचे सुटलेले टाके उचलून त्यांचा उजवा खांदा भरून आला होता. सियालदह स्टेशनच्या मागच्या गल्लीतली ही खोली. फाळणीनंतर पूर्व बंगाल सोडून आलेल्या बायका इथं विणायला बसत आणि रेल्वेतल्या एका साहेबांच्या मराठी पत्नी कालिंदीबाई त्यांना शिकवायला येत. त्यांचं बंगाली मोडकंतोडकं, म्हणून बायकांनीच त्यांचे शब्द उचलले होते. विणताना त्या 'सुलट, उलट' असं मराठीतच पुटपुटत.

मुलगा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. आईपासून जरा लांबच.

पारुल गाव सोडून निघाली तेव्हा त्याला ताप होता. त्याला मामाकडे ठेवून, 'पंधरा दिवसांत न्यायला येते' असं सांगून ती आली. त्यानंतर दोन हिवाळे गेले.

"बोलतो का तुझ्याशी?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"नाही. तहान लागली तरी मला पाणी मागत नाही. शेजारणीला मागतो."

पारुलनं पदराखालून स्वेटर काढला. बाटलीसारखा हिरवा, छातीपासून खालच्या काठापर्यंत विणीतल्या दोन जाड वेण्या. गळ्यापासून सुरुवात करून खाली खाली विणत आणलेला, अखंड, शिवण कुठेच नाही. कालिंदीबाईंनीच तिला ही रीत शिकवली होती. वाढत्या मुलासाठी हीच बरी, खालून हवा तेवढा लांबवता येतो, असं त्या म्हणाल्या होत्या. पारुलनं तो लांबवतच नेला होता. चाळीतल्या त्याच्या वयाच्या मुलांकडे बघायची, घरी येऊन आणखी दोन बोटं विणायची. थंडी सुरू होता होता, कालीपूजेच्या सुमाराला, एकदाचे तिनं टाके बंद केले.

"घालून बघू," कालिंदीबाई म्हणाल्या.

खोकननं हात वर केले. झडती द्यायला उभं राहावं तसे. स्वेटर डोक्यातून खाली आला आणि येतच राहिला. मांड्या झाकल्या, गुडघे झाकले. बाह्यांमध्ये हात दिसेनासे झाले.

बायकांच्या सुया थांबल्या. एकजण 'अगं बाई' एवढंच म्हणाली.

"कितवं लागलं याला?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"नववं." पारुल मुलाकडे बघत होती. "मी सोडून आले तेव्हा एवढाच होता, दीदी. तेव्हाही एवढाच होता."

 इतर आयांना रोज सांगत तेच कालिंदीबाईंनी सांगितलं, "राहू दे. खाऊ-पिऊ घाल नीट. मुलं काय, भराभर वाढतात. बाह्या दुमडू. पुढच्या हिवाळ्यात बरोबर बसेल."

"पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात विणीन," पारुल म्हणाली. "आज आहे त्याच्या मापाचा होऊ दे."

ती मुलापुढे जमिनीवर बसली. स्वेटरच्या खालच्या काठावरचं लोकरीचं टोक नखानं उकरून तिनं दातानं गाठ तोडली.

"अगं, अंगावरून काढ तरी आधी."

"काढला तर पुन्हा घालू देणार नाही."

तिनं धागा ओढला. पहिले काही टाके अडले, मग लोकर सरसर सुटायला लागली. धागा पुढून कुशीकडे गेला, कुशीवरून पाठीकडे. पारुलचा हात तिथवर पुरेना.

"फीर," ती हळूच म्हणाली.

खोकन फिरला. धागा पुन्हा पुढे आला, पुन्हा पाठीकडे गेला. शिवण नव्हती, त्यामुळे थांबायचं असं कुठे नव्हतंच. तो सावकाश जागच्या जागी फिरत राहिला, आणि नागमोडी, कुरळी लोकर पारुलच्या मांडीवर पडत राहिली. वेण्यांचे पीळ एकेक करून सुटले. त्यात गेल्या वर्षीचं विणकाम होतं, यंदाचंही होतं. पारुलच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. पहाटेपासून पाणी भरून आलेली बाई जशी आणखी एक घडा उचलते, तशी ती ओढत होती.

कालिंदीबाई उठल्या, तिच्या शेजारी खाली बसल्या आणि सुटलेली लोकर गुंडाळायला लागल्या. खांदा ठणकत होता. बाकीच्या बायका पुन्हा आपापल्या सुयांकडे वळल्या. 

गुडघे दिसायला लागले. एकावर जुन्या जखमेचा काळपट वण होता. पारुलचा हात क्षणभर थांबला. हा वण तिच्या ओळखीचा नव्हता. 

"फीर, बाळा."

तो आणखी फिरला. मग त्याला गरगरलं. त्यानं डोळे मिटले, पाय जरा फाकले आणि आधारासाठी हात पुढे केला. भिंत लांब होती. बाहीत लपलेला हात हवेत चाचपडला आणि पारुलच्या खांद्यावर येऊन टेकला.

तिथेच राहिला.

पारुलनं मान वर केली नाही. ती उसवत राहिली. फक्त आता तिचे हात अगदी सावकाश चालत होते.