उलटा टाका

बेल्ह्यातल्या एका बंद वर्कशॉपमधली जुनी वेल्डिंग मशीन तेजस्विनीनं २००४ साली राजुरीला आणली. पंधरा दिवस रॉड लोखंडाला चिकटत राहिला, मग हात बसला. बिबट्याच्या भीतीनं गावाला गोठ्यांची लोखंडी दारं हवी होती. ती आपणच करायची, असं तिनं ठरवलं.

पहिल्या दारावरची काळी खपली तिनं हातोडीनं झाडली. खालचा वेल्डिंगचा टाका सुबक होता. पण तिनं रॉड डावीकडून उजवीकडं नेला होता, आणि टाक्यावरच्या बारीक लाटा, ज्या रॉड जाईल तिकडंच पडतात, त्या उजवीकडून डावीकडं आल्या होत्या.

"आवं, हे उलटं कसं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"पक्का बसलाय न्हवं? मग झालं," सुदर्शन म्हणाला.

दुसऱ्या दाराला तेच झालं. तिसऱ्याच्या वेळी, भर दुपारी, ती मुद्दाम जोडाच्या मध्यावर थांबली. सुदर्शननं मशीन बंद करून वायरही काढली.

तिनं मास्क वर केला. जोडाच्या उजव्या टोकाला लोखंड वितळत होतं. एक लालभडक टाका सावकाश तिच्याकडं येत होता.

"तेजू, हात काढ!" सुदर्शन ओरडला.

तिनं चौकट आणखी घट्ट धरली.

"थांबा," ती म्हणाली, "येऊ द्या त्याला."