चौकशी संपेपर्यंत

"चौकशीआधीच सरांचं नाव भिंतीवर लावलंत, तर आपल्यात आणि जमावात फरक काय राहिला?" विभागप्रमुख सुलभा पेडणेकर विद्यार्थिनींच्या बैठकीत तावातावानं बोलत होत्या. विद्यापीठातली लैंगिक छळाविरुद्धची समिती त्यांनीच भांडून मिळवली होती.

सरांविरुद्ध तक्रार करणारी अश्लेषा मागून उठली. "मॅडम, चौकशी संपेपर्यंत तेच माझे गाईड आहेत. उद्या सकाळी त्यांच्या केबिनमध्ये एकटीनं प्रबंध दाखवायला जायचंय. मी काय करू?"

पेडणेकर मॅडमनी बैठक आवरती घेतली. घरी गेल्यावरही त्यांचं कशात लक्ष लागेना. आपलं म्हणणं त्यांना अजूनही पटत होतं, आणि तरी ती मुलगी त्या दारातून आत जाताना डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सकाळी त्याही अश्लेषाबरोबर केबिनमध्ये शिरल्या. सर हसून "बसा" म्हणाले. त्या उभ्याच राहिल्या. "तुमचं म्हणणं समिती ऐकेल. आजपासून हिचं काम मी बघणार."

बाहेर आल्यावर अश्लेषा चाचरत म्हणाली, "पण नाव आम्ही लावणारच, मॅडम."

"मी विरोध करणारच," त्या म्हणाल्या. "चल, प्रबंध काढ."